नौकेवरील हवामान निरीक्षण

नौकेवरील हवामान निरीक्षण म्हणजे समुद्रात असताना तांडेल, कप्तान किंवा खलाशी यांनी वारा, लाटा, ढग, हवेचा दाब आणि दृश्यमानता यांवर सतत ठेवलेली नजर, आणि किनाऱ्यावरून मिळणाऱ्या अंदाजांशी त्या निरीक्षणांचा घातलेला मेळ होय. बंदर सोडताना पाहिलेला अंदाज कितीही चांगला असला तरी तो जुना होत जातो. नौका जितकी दूर आणि जितके अधिक दिवस समुद्रात राहते, तितके तिच्यावरील निरीक्षणाचे मोल वाढते. मोठ्या व्यापारी जहाजांवर हे काम आंतरराष्ट्रीय नियमांनी आखून दिलेले असते. लहान मासेमारी नौकेवर मात्र ते बहुतांशी तांडेलाच्या सवयीवर व अनुभवावर अवलंबून असते. या लेखात अरबी समुद्राचा, विशेषतः कोकण किनाऱ्यावरील नौकांचा, प्रामुख्याने विचार केला आहे.

पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावरील नौकानयनाचे वेळापत्रक मोसमी वाऱ्यांनी ठरवले आहे. 'मान्सून' हा शब्द ऋतू या अर्थाच्या 'मौसिम' या अरबी शब्दावरून आला, आणि नौकामालकाला वा तांडेलाला उद्देशून वापरला जाणारा 'नाखवा' हा शब्द फारसी 'नाखुदा'चे रूप आहे. या समुद्रातील हवामानाचे ज्ञान अनेक किनाऱ्यांवरच्या खलाशांनी मिळून जमा केले, याची ही भाषेतील खूण म्हणता येईल. मे महिन्याच्या अखेरीस होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून हंगामाचा आरंभ करण्याची कोळी समाजाची प्रथा आहे.

पावसाळ्यातील खवळलेला समुद्र धोक्याचा असला तरी तो अपेक्षित असतो. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः मोसमी पावसाच्या आधी, म्हणजे मे-जूनमध्ये, आणि नंतर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात. हे दोन्ही काळ मासेमारीच्या हंगामाला लागून किंवा त्याच्या आत पडतात. त्यामुळे चक्रीवादळाची गाठ पडते ती बंदरात बांधलेल्या नौकेशी नव्हे, तर जाळी टाकून बसलेल्या नौकेशी.

इतिहास

वाऱ्याचा जोर शब्दांऐवजी आकड्याने नोंदवण्याची पद्धत ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये आखली. ० ते १२ अशा या मापनश्रेणीत वाऱ्याचा वेग यंत्राने मोजलेला नव्हता. युद्धनौकेने किती शिडे ठेवावीत, यावरून वाऱ्याची पायरी ठरत असे. पुढे शिडांची जागा समुद्राच्या पृष्ठभागाच्या वर्णनाने घेतली. यंत्र नसलेल्या नौकेवर ती श्रेणी आजही तितकीच उपयोगी आहे.

'सायक्लोन' हा शब्द भारतात घडला. कोलकात्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदवह्यांतील वाऱ्याच्या दिशा व वेळा जुळवून बंगालच्या उपसागरातील वादळे चक्राकार फिरतात हे दाखवले, आणि १८४८ मधील खलाशांसाठीच्या आपल्या पुस्तकात हा शब्द वापरला. मराठीतील 'चक्रीवादळ' हा प्रतिशब्द त्याच कल्पनेवर बेतलेला आहे.

ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटून ४०० हून अधिक लोक बुडाले. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ पासून ब्रिटनमधील बंदरांना तारेने वादळाचे इशारे पाठवण्यास आरंभ केला. बंदरात शंकू व पिंप यांच्या आकाराच्या खुणा उभारून ते जहाजांना कळवले जात. भारतात १८६४ च्या कोलकात्याच्या भीषण चक्रीवादळानंतर १८६५ मध्ये त्या बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था झाली. भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ ची आहे.

इशारा बंदरापर्यंत पोहोचला तरी समुद्रातील नौकेपर्यंत, आणि नौकेवरचे संकट बंदरापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न उरतोच. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही प्रवासी बोट भर पावसाळ्यात काश्याच्या खडकाजवळ बुडाली व ६०० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबई बंदरापासून इतक्या जवळ घडलेली ही दुर्घटना शहराला कित्येक तासांनी, वाचून आलेल्यांकडून कळली.

डोळ्यांनी होणारे निरीक्षण

वारा. कोकण किनाऱ्यावर हिवाळा व उन्हाळ्यातील शांत दिवसांत वाऱ्याचा एक ठरलेला क्रम असतो. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे येतात. शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. इंजिने आल्यावर या क्रमाची प्रवासासाठी गरज राहिली नाही, परंतु निरीक्षणासाठी ती आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपार उलटली तरी वारा पूर्वेकडूनच येत राहिला, खारा वारा सुटलाच नाही आणि पूर्वेचा वारा उलट वाढत गेला, तर नेहमीच्या क्रमावर कोणत्या तरी मोठ्या प्रणालीने मात केली आहे असे समजावे लागते.

ही प्रणाली कोठे आहे याचा ठोकळ अंदाज बाइस बॅलट यांच्या नियमाने (१८५७) करता येतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिल्यास कमी दाबाचे केंद्र उजव्या हाताला व किंचित मागे असते. पूर्वेच्या वाऱ्याकडे तोंड केल्यास उजवी व किंचित मागची बाजू दक्षिण ते नैर्ऋत्य येते. अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकणारे वादळ कोकणापुढील नौकेला नेमके त्याच बाजूने येते. पुढील काही तासांत वारा पूर्वेकडून आग्नेयेकडे व मग दक्षिणेकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, वळत गेला तर नौका वादळाच्या मार्गाच्या उजव्या अंगाला आहे. उत्तर गोलार्धात हेच अंग अधिक धोक्याचे असते, कारण तेथे वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग वाऱ्याच्या वेगात मिळतो. वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जात असेल तर सगळा कोकण किनारा या उजव्या अंगाला पडतो.

वाऱ्याचा जोर जोखताना नौकेच्या स्वतःच्या वेगाने होणारी फसगत लक्षात घ्यावी लागते. ८ नॉट वेगाने वाऱ्यासमोर जाणाऱ्या नौकेवर १२ नॉटचा वारा २० नॉटचा भासतो. तीच नौका वळून वाऱ्याबरोबर निघाली की तो अवघा ४ नॉटचा वाटतो. परतीच्या वाटेवर 'वारा पडला' असा समज होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. म्हणून डेकवर लागणाऱ्या वाऱ्यापेक्षा पाण्याकडे पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. ब्यूफर्ट श्रेणीनुसार लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला की वारा ३ क्रमांकाचा (७ ते १० नॉट) असतो. जिकडे तिकडे फेसाळ माथे आणि मोठ्या लाटा तयार होऊ लागल्या की ६ क्रमांकाचा (२२ ते २७ नॉट). आणि फेस वाऱ्याच्या दिशेने लांब पट्ट्यांत ओढला जाऊ लागला की ७ क्रमांकाचा (२८ ते ३३ नॉट). त्यापुढील ३४ नॉटपासून, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटरपासून, भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणात 'चक्रीवादळ' सुरू होते. लहान नौकेचे काम त्याआधीच अशक्य झालेले असते.

लाटा. स्थानिक वाऱ्याने उठलेल्या लाटा आखूड, उभ्या व अनियमित असतात. दूरच्या वादळात निर्माण झालेल्या लाटा लांब, गोलसर माथ्याच्या आणि ठरावीक अंतराने येणाऱ्या असतात. त्या वादळाहून वेगाने प्रवास करतात आणि वारा शांत असतानाच नौकेपर्यंत पोहोचतात. वारा नसताना नौका संथपणे वर उचलली जाऊन खाली बसू लागली, दोन माथ्यांमधला अवधी १० सेकंदांहून अधिक भरू लागला आणि या लाटा उत्तरोत्तर उंच होत गेल्या, तर त्या ज्या दिशेने येतात त्या दिशेला मोठे वादळ असण्याचा संभव असतो. हा कदाचित सर्वांत लवकर मिळणारा संकेत होय. तो चुकतो, कारण शांत हवेत त्याकडे कोणी लक्ष देत नाही.

ढग. वादळाच्या कित्येकशे किलोमीटर पुढे उंच आकाशात तंतुमेघ पसरतात. सूर्य-चंद्राभोवती खळे दिसते, आणि सूर्योदय व सूर्यास्त ताम्रवर्णी होतात. मग ढगांचा थर जाड होत खाली येतो. यातील प्रत्येक चिन्ह वादळाशिवायही दिसू शकते. दाब, लाटा व वारा यांच्या जोडीनेच त्याला अर्थ येतो. याहून वेगळा व अधिक तातडीचा धोका चंडवाताचा, म्हणजे एकाएकी उसळून काही मिनिटे टिकणाऱ्या वाऱ्याचा. मोसमी पावसाच्या तोंडावर क्षितिजावर काळ्या ढगाची खालून सपाट किंवा कमानदार कड दिसते, तिच्याखाली पावसाचा पडदा असतो, वारा क्षणभर पडतो आणि मग थंड झोत दिशा बदलून येतो. येथे मिनिटांचा हिशेब असतो: डेकवरील सामान बांधणे, दारे-झाकणे बंद करणे व नाळ वाऱ्याकडे वळवणे एवढेच हाती उरते. वीज दिसणे व गडगडाट ऐकू येणे यांतील दर ३ सेकंदांना सुमारे १ किलोमीटर, असे ढगाचे अंतर काढता येते.

वायुदाबमापक

समुद्रसपाटीवरील हवेचा सरासरी दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल मानला जातो. उष्ण कटिबंधात दाब दिवसातून दोनदा वाढतो व दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो अधिक, तर पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. त्यामुळे सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत दोन-तीन हेक्टोपास्कलची घट ही येथे नित्याची बाब आहे, आणि थंड प्रदेशांतील पुस्तकी नियम तसेच लावल्यास विनाकारण घाबरगुंडी उडते. तुलना करायची ती आदल्या दिवशीच्या त्याच वेळेच्या नोंदीशी. त्या ऋतूतील व त्या वेळेच्या सरासरीपेक्षा दाब ३ हेक्टोपास्कलने कमी असेल तर सावध व्हावे, आणि ५ हेक्टोपास्कलने कमी असेल तर जवळपास चक्रीवादळ असल्याचे गृहीत धरावे, असा नाविकांचा दंडक आहे. एका वाचनाला महत्त्व नसून नोंदींच्या क्रमाला आहे. दर तासाला वहीत आकडा लिहिणारी नौका उपकरण साधे असले तरी लाभात राहते.

किनाऱ्यावरून मिळणारी माहिती

सर्वांत जुने साधन म्हणजे बंदरातील बावटा. भारतातील मोठ्या बंदरांवर १ ते ११ क्रमांकांचे संकेत वापरतात. दिवसा शंकू व पिंपांचे आकार आणि रात्री लाल-पांढरे दिवे उभारले जातात. १ व २ क्रमांक दूर समुद्रातील प्रणालीविषयी असतात. ३ क्रमांक बंदराला वादळी वाऱ्याचा धोका दर्शवतो; वृत्तपत्रांत वारंवार येणारा 'तीन नंबरचा बावटा' तो हाच. ५ ते ७ हे धोक्याचे व ८ ते १० हे महासंकटाचे संकेत असून त्यांतील फरक वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार यावर ठरतो. ११ क्रमांकाचा अर्थ हवामान खात्याशी संपर्क तुटला आहे, असा होतो. लहान बंदरांवर यांपैकी ३, ४, ७, १० व ११ एवढेच संकेत वापरण्याची संक्षिप्त पद्धत आहे. ११ क्रमांकाला वादळाहून वरची जागा दिली आहे, हे लक्षणीय आहे. अर्थात बावटा दिसतो तो बंदरात असणाऱ्याला किंवा बंदराजवळून जाणाऱ्याला. समुद्रात गेलेल्यासाठी तो नाही.

हवामानशास्त्र विभागाचे मुंबईतील चक्रीवादळ इशारा केंद्र किनारपट्टीसाठी मच्छीमारांना इशारे देते. 'ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहतील, झोतांचा वेग ६५ किलोमीटरपर्यंत जाईल' अशी त्यांची ठरावीक भाषा असते. तांडेलाच्या परिभाषेत हा वेग २४ ते ३० नॉट, म्हणजे ब्यूफर्ट श्रेणीचा ६ ते ७ क्रमांक होतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (स्थापना १९९९) लाटांची उंची, दिशा व प्रवाह यांचे अंदाज प्रसृत करते.

हे इशारे नौकेपर्यंत कसे पोहोचतात, हा कळीचा प्रश्न आहे. भ्रमणध्वनीची कक्षा किनाऱ्यापासून थोड्याच सागरी मैलांवर संपते. व्हीएचएफ संचाच्या लहरी सरळ रेषेत जात असल्याने त्याचा पल्ला अँटेनाच्या उंचीवर अवलंबून असतो; त्याचा १६ क्रमांकाचा चॅनल संकटकाळासाठी राखीव आहे. ५१८ किलोहर्ट्झवरील नॅव्हटेक्स संदेश काहीशे सागरी मैलांपर्यंत जातात, परंतु त्यांचे ग्राहकयंत्र लहान नौकांवर क्वचितच असते. उपग्रहाद्वारे इशारे पोहोचवून भ्रमणध्वनीवर दाखवणारे 'जेमिनी' हे उपकरण २०१९ मध्ये आणले गेले. मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. यात संदेश दोन्ही दिशांनी जाऊ शकतो.

परत फिरण्याचा निर्णय

निरीक्षणाचे सारे प्रयोजन शेवटी एका निर्णयात आहे: जाळी केव्हा ओढायची व कोठे जायचे. ८ नॉट वेगाच्या नौकेला ५० सागरी मैलांवरून बंदर गाठण्यास शांत समुद्रात सहा तासांहून अधिक लागतात. समोरून लाटा असतील तर वेग सहज निम्म्यावर येतो आणि तेच अंतर बारा तासांचे होते. त्यात जाळी ओढण्याचा वेळ मिळवावा लागतो. वादळाचे केंद्र अद्याप दूर असले तरी नौकेला अडवणारा वारा त्याच्या पुष्कळ आधी पोहोचतो. म्हणून 'वारा वाढला की निघू' हा हिशेब अंकगणितातच चुकीचा ठरतो. मात्र निर्णय घेणाऱ्यासमोर केवळ अंकगणित नसते. डिझेल, बर्फ व खलाशांच्या मजुरीचा खर्च झालेला असतो, रिकाम्या नौकेने परतल्यास तो अंगावर पडतो, आणि मागच्या वेळचा इशारा फुकट गेल्याची आठवण ताजी असते.

कोठे जायचे हा प्रश्नही साधा नाही. कोकणातील बरीच बंदरे खाड्यांच्या आत असून त्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. ओहोटीचा प्रवाह बाहेर येत असताना पश्चिमेच्या मोठ्या लाटा त्यावर आदळल्या की मुखाशी लाटा फुटतात, आणि घर दिसत असताना नौका उलटण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे भरतीची वेळ हाही हवामान निरीक्षणाचाच भाग ठरतो. जवळचे बंदर ओहोटीत सापडणार असेल तर त्यापेक्षा दूरचे पण आडोशाचे बंदर श्रेयस्कर असते. देवगड, विजयदुर्ग व जयगड ही बंदरे याच कारणाने निवाऱ्याची म्हणून ओळखली जातात. समुद्र खवळल्यावर गुजरात, कर्नाटक, केरळ येथील नौकाही देवगडला नांगर टाकतात.

उल्लेखनीय घटना

फयान (२००९): ९ नोव्हेंबर २००९ च्या सुमारास कमी दाबाचे तीव्र क्षेत्र बनलेली ही प्रणाली ११ नोव्हेंबरला चक्रीवादळ झाली आणि त्याच दिवशी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आली. रत्नागिरी, रायगड व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मच्छीमारांची मोठी हानी झाली. वाऱ्याच्या वेगाच्या दृष्टीने फयान फार तीव्र नव्हते. परंतु चक्रीवादळ ठरणे व किनाऱ्यावर आदळणे यांत एक दिवसही गेला नाही. खोल समुद्रात असलेल्या नौकांना त्या अवधीत परतणे शक्य नव्हते.

ओखी (२०१७): ३० नोव्हेंबर २०१७ रोजी श्रीलंका व कन्याकुमारी यांच्या परिसरात या प्रणालीचे चक्रीवादळात रूपांतर झाले. केरळ व तमिळनाडूतील अनेक नौका त्याआधीच बऱ्याच दिवसांच्या फेरीवर खोल समुद्रात गेल्या होत्या व त्यांना इशारे मिळाले नाहीत. शेकडो मच्छीमार मृत वा बेपत्ता झाले. भरकटलेल्या नौकांपैकी साठहून अधिक देवगड बंदरात पोहोचल्या.

तौक्ते (२०२१): १६ व १७ मे २०२१ रोजी हे अतितीव्र चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. याचे इशारे काही दिवस आधी दिले गेले होते आणि मासेमारी नौका बहुतांशी परतल्या होत्या. मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात २६१ जण असलेला पी-३०५ हा बार्ज मात्र नांगर सुटून भरकटला व बुडाला. हा बार्ज व 'वरप्रदा' ही टग नौका यांवरील मिळून ८० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. ओखीच्या वेळी इशारा पोहोचला नव्हता. येथे तो उपलब्ध होता, आणि प्रश्न त्यावरील निर्णयाचा होता.

नौकांकडून मिळणारी निरीक्षणे

माहितीचा प्रवाह किनाऱ्याकडून नौकेकडे असतो तसा उलटही असतो. १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या परिषदेत जहाजांवरील हवामान नोंदी एकसारख्या पद्धतीने करण्याचे ठरले. आज जागतिक हवामान संघटनेच्या योजनेत सहभागी असलेली जहाजे भारतीय वेळेनुसार सकाळी व सायंकाळी साडेपाच आणि सकाळी व रात्री साडेअकरा या वेळांना वारा, दाब, तापमान, ढग व लाटा यांची नोंद पाठवतात. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, इशारा मिळालेला नसताना ब्यूफर्ट १० किंवा त्याहून अधिक जोराचा वारा आढळल्यास तो जवळच्या जहाजांना व किनाऱ्याला कळवणे कप्तानावर बंधनकारक आहे. उपग्रह व तरंगते मापनसंच यांमुळे जहाजांवरील भार हलका झाला असला तरी उपग्रहाने काढलेला अंदाज पडताळण्यासाठी समुद्रपृष्ठावरील वाचन लागतेच. जहाजे वादळ टाळून जातात, त्यामुळे सर्वांत आवश्यक अशा ठिकाणच्या नोंदी नेहमीच विरळ असतात. मासेमारी नौका सामान्यतः या योजनेच्या बाहेर आहेत.